बोर्डावरच्या दोघी

सिनेमाचा बोर्ड उतरवायला दोन माणसं दोरखंड घेऊन आली तेव्हा आत्या परांचीवरच बसली होती. एक ब्रश हातात, दुसरा कानावर खोचलेला आणि पाय खाली मोकळे सोडलेले.

"आधी मला उतरवा, मग बोर्डाला हात लावा," ती वरून म्हणाली.

माणसं दादाकडे बघायला लागली. दादा थिएटरच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. समोरच्या दुकानांतून माना बाहेर आल्या होत्या. चहावाल्याने तर आपला बाक उचलून उलट्या दिशेने मांडला होता, गिऱ्हाइकांना सगळं नीट दिसावं म्हणून.

"बेबी, खाली ये."

"रंग ओला आहे अजून."

"रंग गेला खड्ड्यात. खाली ये म्हणतो ना!"

साठी उलटलेल्या बहिणीला बेबी म्हणणारा दादा हा आता घरात एकटाच उरला होता. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, भावजय वन्सं म्हणायची, आणि तिच्या खोलीत राहणाऱ्या सिस्टर नुसतं पेंटर म्हणायच्या. पेंटर तर ती होतीच. घरच्या या थिएटरच्या दर्शनी भिंतीवर आजवर लागलेला प्रत्येक बोर्ड तिच्या हातचा होता. बाकीच्या थिएटरवाल्यांनी छापील फ्लेक्स आणून टांगले तरी इथे ब्रशच चालला. नायक-नायिका, खलनायक, घोडे, बंदुका, जळती घरं, सगळं तिने रंगवलं होतं. स्वतःचा चेहरा मात्र या वेळी पहिल्यांदाच.

चित्रात दोन म्हाताऱ्या होत्या. एक खुर्चीत बसलेली, तिचा सुजलेला गुडघा दुसरीच्या मांडीवर. दुसरी त्याला मलम चोळतेय, आणि खुर्चीतली तोंड वाकडं करून तिला काहीतरी सुनावतेय. खुर्चीतल्या सिस्टर, मलम लावणारी आत्या. खाली ठळक अक्षरांत चित्रपटाचं नाव होतं, 'पडद्यामागची खोली'. त्याच्याही खाली, 'दोघींच्या संसाराची गोष्ट'.

चित्रपट दादाच्या मुलीने, चिमीने या दोघींच्याच रोजच्या जगण्यावर केला होता. आज सकाळी त्याचा एकच शो लागायचा होता, आणि सगळी बोंब त्या शेवटच्या ओळीवरून उठली होती. दुकानं उघडायच्या आतच कापडवाल्यांचा दादाला फोन आला होता. कापडवाले म्हणजे बाजारातल्या व्यापारी संघाचे अध्यक्ष. शिवाय त्यांची मुलगी दादाच्या धाकट्या भावाच्या मुलाला दिलेली, लग्न पुढच्याच महिन्यात. त्यामुळे फोनवर आवाज गोड होता आणि मजकूर कडू.

गर्दी वाढायला लागली तशा सिस्टर काठी टेकत बाहेर आल्या. परांचीखाली उभं राहून त्यांनी मान वर केली आणि डोळे बारीक करून बोर्ड न्याहाळला.

"पेंटर, उतर आता. माझा गुडघा आहे त्याच्या दुप्पट काढलायस. तेवढी बदनामी पुरे."

चहावाल्याच्या बाकावर हशा पिकला. आत्याही हसली, ब्रश पुसून खिशात टाकले आणि आपली आपण खाली उतरली.

"आत चला सगळे," दादा म्हणाला. "रस्त्यावर तमाशा नको."

"तमाशा तूच बोलावलास, दोरखंड घेऊन," आत्या म्हणाली, पण आत गेली.

*

वकील आधीच आत येऊन बसला होता. तो या घरातला धाकटा भाऊ. कोर्टाला जायच्या तयारीने निघालेला, काळा कोट मांडीवर घडी घालून ठेवलेला. थिएटरच्या आतल्या दालनात जुन्या मऊ खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीवर तो अगदी टोकाला बसला होता, कधीही उठता येईल असा. आपल्याकडे बघून चिमीचा चेहरा खुलला हे त्याने पाहिलं, आणि त्याला कोटाची घडी पुन्हा घालावीशी वाटली.

"काका, बरं झालं आलात. तुम्हीच समजवा बाबांना."

"समजवायचं काय आहे?" दादा बसलाच नाही. "मी सरळ बोलतो. बेबी माझी बहीण आहे. सिस्टर इतकी वर्षं या घरात आहेत. मी कधी एका शब्दाने काही विचारलंय?"

"नाही विचारलंस," आत्या म्हणाली. "तेच तर."

"विचारलं नाही म्हणजे सांभाळून घेतलं!"

"हो, सांभाळलंस. मांजर सांभाळतात तसं. दूध घालायचं आणि पाहुणे आले की मागच्या दाराने बाहेर घालवायचं."

दादाच्या कपाळावरची शीर तटतटली. "बघ, हे असं बोलते ही. घरातलं घरात राहिलं तर बिघडलं कुठे? आपल्या बाबांनी तुम्हाला खोली दिली. कुणी त्रास दिला नाही. आता या वयात भिंतीएवढं चित्र काढून गावाला सांगायची काय गरज पडलीय?"

"गावाला सांगत नाहीये बाबा, दाखवतेय," चिमी म्हणाली. ती इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. आता पुढे आली. "सांगून काही होत नाही हे मला कळून चुकलंय. मी चर्चा ठेवल्या, भाषणं ठेवली. लोक येतात, माना डोलावतात, घरी जातात. पण हा सिनेमा मी जिथे जिथे दाखवला ना, तिथे पहिल्यांदा लोक हसतात. दोघी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडतात, तेव्हा हमखास हसतात, कारण त्यांच्याही घरी तेच चालू असतं. आणि एकदा का हसले, की मग त्यांना पाठ फिरवता येत नाही. एका गावात शो संपल्यावर एक बसड्रायव्हर उठलाच नाही खुर्चीतून. सगळे गेले तरी बसून. मला वाटलं झोपलाय. जवळ गेले तर म्हणाला, माझ्या मुलीला मी घराबाहेर काढलं, तिच्या मैत्रिणीपायी. त्या दोघीही अशाच भांडत असतील का हो खिडकीवरून?"



"मग काय केलं त्याने?" वहिनीने विचारलं. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, तिकिटांच्या खिडकीजवळ, जिथे ती लग्न होऊन आल्यापासून बसत आली होती. ती आहे हे सगळे विसरलेच होते.

"माहीत नाही, आई. माझ्याकडून सिनेमाची एक प्रत मागून घेतली. म्हणाला, आधी बायकोला दाखवतो."

वकिलाने घसा साफ केला. सगळे त्याच्याकडे वळले. कोर्टात हा क्षण त्याला आवडायचा.

"हे बघा, दोन्ही बाजूंचं खरं आहे. चिमीचं काम मोठं आहे, यात वाद नाही. दादाची अडचणही खरी आहे. मला एक सुचतं. चित्र राहू दे. सिनेमा होऊ दे. फक्त ती एक ओळ बदलायची. 'दोन मैत्रिणींची गोष्ट'. बस. खोटंही नाही त्यात काही. मैत्रिणी आहातच ना तुम्ही? कापडवाल्यांशी मी बोलतो, ते ऐकतील. अडलंय फक्त त्या एका शब्दावर."

"कुठल्या?" सिस्टरनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायचाय."

वकील अडखळला. "संसार."

सिस्टरनी काठी दोन्ही हातांत धरली आणि तिच्यावर हनुवटी टेकली. त्या मूळच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. निवृत्त होऊन बराच काळ झाला तरी आवाजातला वॉर्ड गेला नव्हता.

"आम्ही एका चुलीवर जेवलो. भाजी खारट झाली म्हणून भांडलो, अबोला धरला, कोण आधी बोलतं याची वाट बघितली. हिची आई गेली तेव्हा हिला मी पकडून ठेवलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ही दवाखान्याच्या फरशीवर झोपली, आणि कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरने विचारलं, तुम्ही नात्याने कोण? ही काही बोलू शकली नाही. सही शेवटी वॉर्डातल्या मावशींनी केली. याला संसार म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सांग. तू शिकलेला आहेस. चांगला शब्द असेल तर मी स्वतः वर चढून लिहिते, या गुडघ्यानिशी."

वकिलाला फक्त कापडवाल्यांच्या घरातला सोफा आठवत राहिला, आणि त्यावर बसून हसणारा आपला मुलगा.

"थिएटर तिघांच्या नावावर आहे," दादा म्हणाला. "तिघांनी ठरवायचं आणि विषय संपवायचा. माझं मत, शो नाही."

"माझं, शो होणार," आत्या म्हणाली.



"काका," चिमी हळूच म्हणाली.

"मी विरोधात नाहीये," वकील म्हणाला. "फक्त हा महिना नको. लग्न पार पडू दे. मग आपण मोठा कार्यक्रम करू, मी स्वतः..."

"म्हणजे नाही," दादाने तोडलं.

"काका, तिकडे कॉलेजात माझ्या शोला तुम्ही भाषण केलंत. माझ्या ताईचा मला अभिमान आहे म्हणालात. उभं राहून टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"ते बाहेरगावी होतं, चिमे."

बोलून गेल्यावर ते कसं ऐकू आलं हे त्याचं त्यालाच कळलं. चिमीने मान फिरवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर त्याला जरा बरं वाटलं असतं. ते आलं नाही.

आत्या उठली. "ठीक. दोन मतं तुमची. आता माझंही ऐका. तो बोर्ड माझ्या हातचा आहे, मी तो पुसणार नाही. तुम्हाला पुसायचा असेल तर मजूर पाठवायचे नाहीत. तुम्ही दोघांनी स्वतः परांचीवर चढायचं, भर बाजारात, आणि आपल्या हाताने बहिणीचं तोंड पुसायचं. परांची उभी आहे. चिंध्या आणि टर्पेंटाइन मी देते."

दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही.

*

वहिनीने ते सगळं ऐकलं, आणि तिला एकदम कंटाळा आला. राग नव्हे, कंटाळा. या घरातल्या पुरुषांना ठरवताना बघून बघून तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आधी सासरे ठरवायचे, मग नवरा, आणि निकाल देऊन झाला की कुणीतरी म्हणायचं, चहा टाक.

"जरा चहा टाकतेस का?" दादा म्हणाला.

वहिनी उठली. चहाच्या दिशेने न जाता तिने तिकीटघराचं दार उघडलं, आत जाऊन बसली आणि खिडकीची फळी वर ढकलली. फळी नेहमीसारखीच कर्कश वाजली. बाहेर उभी असलेली माणसं गडबडून खिडकीकडे वळली. ती फार नव्हती. कॉलेजातली पाचसहा पोरं-पोरी, सिस्टरच्या दवाखान्यातल्या जुन्या दोघीतिघी, हातात पिशवी घेतलेली एक मध्यमवयीन बाई, आणि बाकी सगळे मजा बघायला आलेले.

"बाल्कनी की खाली?" तिने पहिल्या मुलीला विचारलं.

दादा धावत आला. "अगं, काय करतेयस? शो नाहीये!"

"तिकिटं विकतेय. दुसरं काय येतं मला?"

"आत्ता ठरलं ना आपलं?"

"तुमचं ठरलं. मला कुठे विचारलंत?" तिने तिकीट फाडून मुलीच्या हातात दिलं. "बाजूला व्हा जरा, रांग अडतेय."

दादा रांगेकडे बघत राहिला. लोकांसमोर बायकोशी भांडायचं की गप्प बसायचं, हे त्याचं ठरेपर्यंत आणखी चार तिकिटं फाटली.

वहिनीने खिडकीतून मान वळवून आतल्या बाजूला हाक मारली, "वन्सं, सिस्टर, इकडे या दोघी."

त्या आल्या. वहिनीने दोन तिकिटं काढली आणि पुढे सरकवली. मधल्या रांगेतली, शेजारीशेजारी.

"पैसे नकोत. तुम्हाला आठवतंय ना, सिस्टर? तुम्ही सिनेमाला यायचात तेव्हा मी तुम्हाला कायम कोपऱ्यातलं तिकीट द्यायचे आणि वन्संना बाल्कनीतलं. सासऱ्यांचा हुकूम होता तसा."

"मला वाटायचं कोपऱ्यात वारा चांगला लागतो म्हणून देतेस," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्हाला खरंच तसं वाटायचं?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या आणि तिकिटं उचलली.

चिमी एव्हाना वर मशीनच्या खोलीत पळाली होती.

*

आपल्याच थिएटरात आत्या सिस्टरशेजारी पहिल्यांदा बसली, आणि पहिली काही मिनिटं तिला पडद्यावरचं काहीच दिसलं नाही. तिला फक्त शेजारचा हात जाणवत होता. दोघींच्या मधल्या हातटेकणीवर दोघींचे कोपर एकदमच टेकले, आणि जागा पुरेना.

"सरक ना जरा," सिस्टर कुजबुजल्या.

"तू सरक. तुझा कोपर मोठा आहे."

पडद्यावर त्यांची खोली होती. खरोखर पडद्यामागचीच. बाबांनी दोघींना दिलेली ती जागा थिएटरच्या मागच्या भिंतीला लागून होती, आणि प्रत्येक सिनेमाचा आवाज तिथे यायचा, चित्राशिवाय. कित्येक न पाहिलेल्या सिनेमांतले संवाद दोघींना पाठ होते, चेहरे मात्र फक्त आत्याने रंगवलेले. पडद्यावरच्या सिस्टर भाजी निवडता निवडता कुठल्याशा खलनायकाचं वाक्य म्हणून दाखवत होत्या, आणि थिएटर हसत होतं. मग खिडकीचं भांडण आलं. पडद्यावरची आत्या म्हणाली, "तुला कायम उकडतं. तू बर्फात जन्माला आली असतीस तरी उकडलं असतं." मागून कुणीतरी जोरात म्हणालं, "अगदी आमच्या घरच्यासारखं!"

आणि त्याच हशावर स्वार होऊन मागच्या रांगेतून एक शिवी आली. घाणेरडी, दोघींच्या नात्याला उद्देशून. तिच्यामागून दोघातिघांचं खिदळणं.

हेच. हे टाळायला तर आत्या इतकी वर्षं मागच्या खोलीत राहिली होती. तिचा हात नकळत मांडीवर परत आला.

सिस्टर काठी टेकून उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांची सावली पडली, मोठी, कुबड आलेली. त्या मागे वळल्या.

"कोण आहे रे तो? पुढे ये, तोंड बघू दे. या गावातल्या अर्ध्या लोकांना मी इंजेक्शन दिलंय, आणि कोण पँट वर ओढून वॉर्डातून पळालं हे मला अजून आठवतं. सांगू नावं?"

सगळं थिएटर हशाने फुटलं. इतकं, की पडद्यावरचा एक अख्खा प्रसंग कुणाला ऐकूच आला नाही. मागच्या रांगेतून दोन खुर्च्या खाडकन मिटल्या आणि कुणीतरी दार ढकलून बाहेर गेलं.

सिस्टर खाली बसल्या. या वेळी आत्याने कोपर टेकला नाही. तिने सरळ हात धरला, सगळ्यांना दिसेल असा, हातटेकणीच्या वर.

*

बाहेर जाणाऱ्या त्या दोन पोरांना दादाने वाट करून दिली. तो दारातच उभा होता, दाराच्या पडद्याआड, अर्धा आत अर्धा बाहेर. तो पाहायला आला नव्हता. मशीन नीट चालतंय की नाही हे बघायला आलो, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

पडद्यावर आता जुन्या बोर्डांचे फोटो येत होते. एकामागून एक नायिका, वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या केसांच्या. दादाला प्रत्येक बोर्ड आठवत होता. वितरक येऊन त्याच्याशी हुज्जत घालायचे तेही आठवत होतं. अहो, आमच्या नटीची हनुवटी अशी कुठे आहे? ही पुढे आलेली, मधे खळी पडलेली हनुवटी कुणाची? दादा म्हणायचा, माझ्या बहिणीची सवय आहे, तिच्या हाताला तेच वळण पडलंय.

नायिका संपल्या आणि पडद्यावर तरुणपणीच्या सिस्टरचा एक फोटो आला. गणवेशातला, कशावर तरी हसतानाचा. हनुवटी पुढे, मधे खळी.

अंधारात एक बाई "अगं बाई!" म्हणाली. कुणी हसलं नाही.

दादा त्या बोर्डांखालून रोज आत-बाहेर करत आला होता. गाव त्या बोर्डांकडे बघत मोठं झालं होतं. आणि सिस्टर सगळा वेळ तिथेच होत्या, भिंतीएवढ्या, सगळ्यांच्या डोक्यावर, आणि बेबी खाली मान घालून रंगाचे डबे धूत होती. त्याला एकदम हसू आलं.

"दादा." कुणीतरी खांद्याला हात लावला. वकील होता. त्याच्यामागे दालनात कापडवाले उभे होते, बरोबर बाजारातले तिघंचौघं.

दादा बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतलं.

"शो थांबवा," कापडवाले म्हणाले. रागाने नाही, कापड मोजून देताना बोलावं तसं. "तुमच्या भावाने मला शब्द दिला होता."

"चालू शो या थिएटरात थांबत नाही. वीज गेली तर आम्ही जनरेटर लावतो."

"हा कसला शो? आमच्या घरातल्या मुली या रस्त्याने जातात. वर काय लिहिलंय ते वाचतात."

"वाचता येतं त्यांना, ही चांगली गोष्ट आहे."

"थट्टा करू नका. आपण आता सोयरे होणार. उद्यापासून बाजारातला एक माणूस तुमच्या थिएटरला फिरकणार नाही, ध्यानात ठेवा."

"तसंही बाजारातलं कोण तिकीट काढतं?" दादा म्हणाला. "पास मागायला येता तुम्ही सगळे."

कापडवाल्यांच्या मागे उभ्या असलेल्यांपैकी एकजण हसला आणि लगेच गंभीर झाला. कापडवाले मात्र वकिलाकडे वळले. "बघा. तुम्हीच ठरवा आता."

वकिलाचा चेहरा पांढरा पडला होता. तो दादाजवळ आला आणि लहानपणी बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "दादा, माझ्या पोराचं लग्न आहे रे."

दादाने त्याच्याकडे बघितलं. याला त्याने सायकल शिकवली होती. याच्या शिक्षणासाठी स्वतःचं सोडलं होतं. आतून लोकांच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्यात बेबीचं हसणं वेगळं कळलं. त्याने ते शेवटचं कधी ऐकलं होतं हे त्याला आठवेना.

"तुझ्या पोराचं लग्न आहे, मान्य," तो म्हणाला. "बेबीचं तर होऊन गेलं. आपण कुणी गेलो नाही, एवढंच."

कापडवाले पायऱ्या उतरायला लागले, त्यांची माणसंही. वकील दोघांच्या मधे उभा राहिला, काळा कोट हातात चुरगाळत. मग तोही निघाला. पायरीवर एकदा थांबला, दादाला वाटलं वळेल. तो वळला नाही. दादाने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ही हाक उद्या मारली तरी तो वळणार नव्हता, आणि परवाही, हे त्याला तिथेच कळलं.

*

दिवे लागले तरी लोक उठले नाहीत. चिमी मशीनच्या खोलीतून खाली आली, पडद्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. दोघी इथेच आहेत.

मग कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. केस बारीक कापलेले, आवाज कापरा. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

आत्याने विचार केला. "वाटली. अजूनही वाटते. मघाशी तो ओरडला तेव्हा माझे पाय गार पडले. पण आता मला भीतीपेक्षा तिचा कंटाळा जास्त आलाय."

मुलगी हसली, खाली बसली आणि तोंड ओंजळीत लपवलं. शेजारच्या मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

माणसं हळूहळू उठायला लागली. दवाखान्यातल्या बायकांनी सिस्टरना गराडा घातला. कुणी गुडघ्याची चौकशी केली, कुणी म्हणालं, आम्हाला कधी बोलली नाहीस, आणि सिस्टर म्हणाल्या, तुम्ही कधी विचारलंत? पिशवीवाली बाई तेवढी घुटमळत राहिली. सगळे जरा पांगल्यावर ती चिमीजवळ आली.

"उद्या कितीचा आहे हा? आमच्या ह्यांना आणायचंय. आमचा मुलगा..." ती थांबली. पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले, सोडवले. "मला सांगून जमत नाही. बोलायला गेले की ते उठून जातात. इथे अंधारात बसलं की उठून जाणार नाहीत, असं वाटतं."

"अहो, उद्या नाहीये," चिमी म्हणाली. "एकच शो होता. तोही..."

"उद्या तीन शो आहेत," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. दादा दाराची चौकट धरून उभा होता. डोळे लाल होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

"परवाही तीन," तो पंख्याला म्हणाला. "आठवडाभर."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण दादा तिच्या नजरेला नजर देईना, आणि तिलाही ते बरंच वाटलं. वहिनी तिकीटघरातून बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, आठवडाभर? बाजारातलं कुणी येणार नाही म्हणतात. परवडणार आहे का आपल्याला?"

"नाही परवडणार," दादा म्हणाला. "पण लागणार."